फोर्टातली खोली आणि रजिस्टरातली सही



सहा डिसेंबरला मुंबईला गेले नाही असे घर आपल्या समाजात शोधून सापडणार नाही. आमच्या आईने आजवर वीस-बावीस वेळा तरी मुंबई गाठली असेल. पहाटे दादरला उतरायचे, तासन् तास रांगेत उभे राहायचे, चैत्यभूमीवर माथा टेकवायचा, शिवाजी पार्कच्या धुळीत चादर अंथरून रात्र काढायची, स्टॉलवरून दोन पुस्तके आणि एक कॅलेंडर घ्यायचे, की परतीची गाडी. गेल्या वर्षी आमच्या थोरलीला शाळेत ‘मी पाहिलेले शहर’ असा निबंध लिहायला सांगितला. ती आजीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “आजी, तू एवढ्या वेळा मुंबईला गेलीस, मला मुंबई सांग.” आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाळा, मला दादर ठाऊक हाय. मुंबई मी कुठं बघितली?”

हे वाक्य आम्हाला लागले. ज्या शहरात बाबासाहेब शिकले, प्राध्यापक झाले, वकिली केली, कॉलेज काढले, त्या शहराचे आमच्या घराला फक्त एक मैदान आणि एक रांग माहीत. अभिवादनाला जाणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते चालूच राहील. पण लेकराबाळांना घेऊन, घाई न करता, दोन-तीन दिवस मुंबई पाहण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही? आम्ही ठरवले, यंदा दिवाळीच्या सुट्टीत आईला मुंबई दाखवायची. आणि उतरायचे कोणाच्या दारात नाही, तर पैसे मोजून खोली घेऊन.

नातेवाइकांकडे का नको?

मुंबईत आपल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी असते. आमचीही मावशी आहे. परंतु तिचे घर दहा बाय बाराचे, त्यात सहा माणसे. आपण पाच जण जाऊन पडलो तर मावशी तोंडाने काही म्हणणार नाही, पण तिचा मुलगा रात्रपाळी करून आला की त्याने झोपायचे कुठे? शिवाय राहायचे उपनगरात आणि पाहायचे दक्षिण मुंबईत, म्हणजे अर्धा दिवस लोकलच्या गर्दीत जातो. म्हातारे माणूस आणि लहान मूल बरोबर असेल तर दुपारी दोन तास पाठ टेकायला जागा लागते. म्हणून जिथे पाहायचे तिथेच राहावे, हा हिशेब आम्ही केला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे आपली जुनी बोरीबंदर, आणि तिच्या दक्षिणेकडचा फोर्ट भाग यासाठी सर्वांत सोयीचा.

लॉजमध्ये राहणे म्हणजे बड्या लोकांचा थाट, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. आईलाही तसेच वाटत होते. “एवढे पैसे नुसते झोपायला द्यायचे?” असे ती गाडीत बसेपर्यंत म्हणत होती. तेव्हा आम्ही तिला बडोद्याची गोष्ट पुन्हा सांगितली. ती तिला पाठ आहे, तरी सांगितली.

बडोद्याचे रजिस्टर

१९१७ साली परदेशातले उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. गावात राहायला जागा कोणी देईना. हिंदू हॉटेलात जात सांगितली तर घेणार नाहीत, आणि खोटे बोलणे मनाला पटेना. शेवटी ते एका पारशी मुसाफिरखान्यात गेले. तिथे फक्त पारशांना राहता येत होते. रखवालदाराला गिऱ्हाईक हवे होते, म्हणून तोड निघाली की रजिस्टरात पारशी नाव लिहायचे. जगातल्या मोठ्या विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला एका रात्रीच्या निवाऱ्यासाठी दुसऱ्याच्या नावाने सही करावी लागली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगून गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही निरनिराळी कारणे सांगून नाही म्हटले. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

सहलीची गोष्टही वेगळी नव्हती. १९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत देवगिरीच्या किल्ल्याजवळ, प्रवासाची धूळ धुवायला हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. लेणी पाहायला जाणे, हौदावर तोंड धुणे, एवढ्या साध्या गोष्टींसाठी आपल्या माणसांना काय सोसावे लागले, हे आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे.

आणि म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये मूलभूत हक्क म्हणून लिहिले गेले, की दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत जाण्यास केवळ धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कोणावर अट घालता येणार नाही. हॉटेल हा शब्द संविधानात आला आहे हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? लॉजमध्ये खोली मागणे म्हणजे थाट नाही. तो हक्क आहे आणि त्याची किंमत आधीच चुकती झाली आहे.

पहिल्या लॉजचा अनुभव

आता जे घडले ते लपवून ठेवत नाही. आम्ही गावाहून एका लॉजवर फोन करून खोली बोलून ठेवली होती. देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी उतरलो आणि बॅगा घेऊन तिथे पोहोचलो. काउंटरवरच्या माणसाने हसून बसायला सांगितले, आधार कार्डे मागितली. कार्डे त्याने उलटीसुलटी करून पाहिली, आमच्या आडनावावर बोट ठेवले, आईच्या गळ्यातल्या निळ्या धाग्यातल्या पदकाकडे पाहिले आणि आत गेला. बाहेर आला तो म्हणाला, “रूम खाली नाही. कालच्या पार्टीने मुक्काम वाढवला.” आम्ही जिना उतरत असताना मागून आलेल्या एका जोडप्याला किल्ली मिळालेली आम्ही पाहिली. त्यांनी आधी पैसे भरलेले असतील. नसतीलही. पुरावा आमच्याजवळ नाही, म्हणून त्या लॉजचे नाव आम्ही लिहीत नाही.

चूक आमच्याकडूनही झाली. आम्ही कारण विचारले नाही. रात्रभराचा प्रवास, धाकट्याला लागलेली भूक, आईचे सुजलेले पाय, यामुळे आम्ही मुकाट्याने खाली आलो. आई म्हणाली, “चल, मावशीकडं जाऊ.” तेवढ्यात थोरली म्हणाली, “आजी, मग बडोद्याची गोष्ट कशाला सांगितली?” आठवीतल्या पोरीने आम्हाला रस्त्यात उभे राहून धडा दिला.

वाचकांनी ध्यानात ठेवावे. असा प्रसंग आला तर शांतपणे कारण विचारावे, बोलणाऱ्याचे नाव, वेळ आणि लॉजचे नाव लिहून घ्यावे, बरोबर कोणी असेल त्याला साक्षीला उभे करावे. जातीमुळे नाकारले हे स्पष्ट असेल तर नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ याखाली तो गुन्हा आहे आणि पोलिस ठाण्यात तक्रार देता येते. आधी मुलाबाळांची सोय करावी, मग तक्रार. पण गप्प बसू नये. आम्ही बसलो, त्याची खंत आहे.

आईची सही

बोरीबंदरच्या समोरच्या गल्ल्यांत, जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर लहान लहान लॉज पुष्कळ आहेत. रस्त्यावरून फक्त पाटी दिसते आणि अरुंद लाकडी जिना. चहा घेऊन आम्ही अशा दुसऱ्या एका लॉजवर चढलो. मॅनेजर वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी कार्डांच्या झेरॉक्स घेतल्या, आधी खोली दाखवली आणि मग रजिस्टर पुढे सरकवले. नाव, गाव, कुठून आलात, कशासाठी आलात, किती माणसे, सही.

आम्ही पेन उचलले, पण खरे सांगतो, हात थबकला. पूर्ण नाव लिहावे की नुसती अक्षरे? एवढ्यात आई पुढे आली. “मला लिहू दे,” म्हणाली. आई शाळेत गेलेली नाही. पन्नाशीत, साक्षरता वर्गात आणि विहारातल्या बाकावर बसून ती अक्षरे शिकली. तिने वाकून, एकेक अक्षर जुळवत, आपले नाव, आमच्या वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिले. ‘येण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहू, असे तिने विचारले. मॅनेजर म्हणाले, “लिहा आजी, मुंबई पाहणे.” तिने तेच लिहिले. एवढ्याला पाच मिनिटे लागली. मागे दोन गिऱ्हाइके खोळंबली होती, पण मॅनेजरांनी घाई केली नाही. आमचे डोळे भरून आले ते आम्ही मुलांना दिसू दिले नाहीत.

खोली साधीच होती. दोन पलंग, एक जादा गादी, पंखा, गल्लीकडे उघडणारी खिडकी. संडास-बाथरूम बाहेर, सामाईक, पण स्वच्छ. आम्ही दिवसाला सोळाशे रुपये आणि जादा गादीचे दोनशे मोजले. सुट्टीच्या दिवसांत दर वाढतात, हे गृहीत धरून जावे.

खोली घेताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. खोली आधी पाहावी, उशी-चादर, नळाचे पाणी आणि कडी तपासावी. सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे की वेगळा, हे विचारावे. दिवस चोवीस तासांचा मोजतात की दुपारी बाराला संपतो, हे विचारावे. सकाळी उतरणाऱ्या गाडीवाल्यांचे पैसे इथेच वाढतात. शेवटच्या दिवशी रात्रीच्या गाडीपर्यंत बॅगा ठेवू देतील का, हे ठरवून घ्यावे. सर्व मोठ्या माणसांची ओळखपत्रे जवळ असावीत. पावती मागावी आणि ती आपल्या नावाची असावी. जिना चढणे वृद्धांना झेपेल का, हे पाहावे. स्टेशनवर मागे लागणाऱ्या दलालांबरोबर जाऊ नये, त्यांचे कमिशन शेवटी आपल्याच खिशातून जाते. ज्यांचे रेल्वे तिकीट आरक्षित आहे त्यांनी स्टेशनच्या विश्रांतीगृहाचीही आधी चौकशी करावी. आणि सहा डिसेंबरच्या आसपास ही सहल करू नये. ते दिवस अभिवादनाचे.

पहिला दिवस : बाबासाहेबांच्या पावलांवर

पहिल्या दिवशी आम्ही एक पैसाही वाहनाला दिला नाही. सारे पायीच. प्रथम स्टेशनची इमारतच रस्ता ओलांडून समोरून पाहिली. दहा वर्षे बांधकाम चालून १८८८ साली पूर्ण झालेल्या या इमारतीला २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. भिंतीवरचे दगडी मोर, माकडे, पाने-फुले मोजण्यात धाकट्याचा अर्धा तास छान गेला. रात्री दिवे लागल्यावर ती पुन्हा पाहावी.

तिथून आझाद मैदानाच्या कडेने, महापालिका मार्गावर काही मिनिटे चालले की एल्फिन्स्टन हायस्कूलची जुनी दगडी इमारत लागते. या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या काळी आपल्या समाजात मॅट्रिक होणे ही केवढी गोष्ट होती! थोरलीने फाटकाबाहेर उभी राहून वहीत इमारतीचे चित्र काढले.

मग मागे वळून दादाभाई नौरोजी रस्ता धरला. दुकानांच्या कमानीखालून सावलीत चालता येते. याच रस्त्यावर आनंद भवन आणि बुद्ध भवन आहे, आपल्या सिद्धार्थ कॉलेजांचे घर. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग हे त्याचे वैशिष्ट्य. शहराच्या ऐन बाजारपेठेत, बँका आणि पेढ्यांच्या शेजारी, बाबासाहेबांनी आपल्या मुलांसाठी जागा मिळवली, याचा अर्थ तिथे उभे राहिल्यावर कळतो. कॉलेज चालू असते, त्यामुळे आत जायचे तर परवानगी घ्यावी, गोंगाट करू नये.

पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांच्या स्मारकापुढे नतमस्तक होऊन आम्ही उच्च न्यायालयाकडे वळलो. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२३ पासून बाबासाहेबांनी मुंबईत वकिली केली. जातीमुळे सॉलिसिटर कामे देत नसत, तरी गरिबांचे खटले त्यांनी लढवले. न्यायालयाच्या पलीकडे विद्यापीठ आणि २८० फूट उंच राजाबाई टॉवर, समोर ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला या दगडी इमारती आणि दुसऱ्या बाजूला गोलाकार गॅलऱ्यांची घरे, या साऱ्या परिसराला २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मैदानात मुलांनी क्रिकेट पाहिले आणि आईने पाय पसरून शेंगा खाल्ल्या. मैदानाच्या दक्षिण टोकाला, कूपरेजजवळ, बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. तिथे फुले वाहायला विसरू नये.

काळा घोडा भागात एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब या कॉलेजात शिकून पदवीधर झाले. याच दिवसांत कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे, अशी नोंद धनंजय कीर यांनी चरित्रात केली आहे. आम्ही जवळच्या टपरीवर पाच कटिंग चहा सांगितले. पोऱ्याने काचेच्या ग्लासांतून सर्वांसारखाच चहा आणून दिला. आई ग्लास हातात धरून त्या इमारतीकडे बराच वेळ बघत राहिली. काही बोलली नाही.

दुपारी खोलीवर येऊन झोप काढली. खोली मध्यभागी असल्याचा फायदा हाच. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून सूर्य मावळताना पाहिला. त्याला तिकीट नाही.

दुसरा दिवस : गेटवे आणि घारापुरी

दुसऱ्या दिवशी बेस्टच्या बसने गेटवेला गेलो. बसचे किमान भाडे २०२५ पासून १० रुपये, वातानुकूलित बसचे १२ रुपये आहे. जुन्या लाल दुमजली बसगाड्या २०२३ साली निवृत्त झाल्या, पण त्यांच्या जागी विजेवरच्या दुमजली बस या भागात धावतात. मुलांना वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसवावे, त्यांची निम्मी सहल तिथेच वसूल होते. या भागात रिक्षा नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी घेतली तर मीटरनेच जावे. तिचे पहिल्या टप्प्याचे भाडे २०२५ पासून ३१ रुपये आहे.

गेटवेचे उद्घाटन १९२४ साली झाले आणि १९४८ साली शेवटची गोरी पलटण याच कमानीतून बोटीवर चढून गेली. समोरच्या पंचतारांकित हॉटेलाकडे बोट दाखवून धाकट्याने विचारले, “बाबा, तिथं आपल्याला घेतील का?” आम्ही म्हटले, “खिसा नाही म्हणेल, कायदा नाही म्हणणार नाही.”

गेटवेवरून घारापुरीच्या लाँचा सुटतात. सुमारे तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून वार पाहून जावे. सकाळची लवकरची लाँच धरावी. २०२४ च्या डिसेंबरात याच समुद्रात प्रवासी बोटीला मोठा अपघात होऊन माणसे दगावली. त्यामुळे लाइफ जॅकेट मागून घ्यावे, मुलांना आधी घालावे आणि बोट भरून वाहत असेल तर पुढचीची वाट पाहावी. लाज वाटून घेऊ नये.

बेटावर धक्क्यापासून लहान आगगाडी आहे, मग शंभरावर पायऱ्या. आईसाठी आम्ही काठी घेतली आणि दर वीस पायऱ्यांना बसलो. मुख्य लेणे शैव आहे. त्यातले त्रिमुखी शिल्प पाहताना माणसाच्या छिन्नीची ताकद कळते. पण आपल्या वाचकांनी हे जरूर जाणावे की बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडे चढ आहे आणि वर्दळ कमी, म्हणून आम्ही आईला खाली बसवून मुलांनाच लांबून टेकडी दाखवली. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट पडत नाही. माकडांपुढे खाऊची पिशवी उघडू नये. बेटावरच्या गावांत कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना तिथल्या लोकांनी सत्तर वर्षे अंधारात काढली. ही गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे.

तिसरा दिवस : तथागतांच्या भेटीला

तिसऱ्या दिवशी सकाळी बॅगा लॉजच्या काउंटरवर ठेवून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. १९२२ साली लोकांसाठी उघडलेले हे संग्रहालय. बहुतेक लोक वाघ, पक्षी आणि तलवारी पाहून बाहेर पडतात. आपण शिल्पांच्या दालनात सावकाश थांबावे. सिंधमधल्या मीरपूरखास इथल्या स्तूपावरच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती इथे आहेत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या. मातीतून घडलेला तो शांत चेहरा पाहून आईने नकळत हात जोडले. सोपाऱ्याला सापडलेल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथे आहे. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशोकाची अक्षरे कोरली गेली होती, हे शाळेच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि दगड समोर पाहणे वेगळे. आवारात २०१९ साली मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले आहे. आणि मायबहिणींसाठी सांगतो, इथे स्वच्छतागृह चांगले आहे.

जवळच एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल आहे. १८३३ सालची ही इमारत, समोर रुंद पायऱ्या. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. त्यात दगडी पेटी निघाली, तिच्या आत एकात एक करंडक आणि भोवती आठ लहान कांस्य बुद्धमूर्ती. आतले मातीचे तुकडे तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे त्यांचे मत होते. हा ठेवा याच सोसायटीकडे आहे. तो रोज मांडलेला नसतो, म्हणून आधी चौकशी करून जावे. आम्हाला तो पाहता आला नाही, पायऱ्यांवर बसून मुलांना गोष्ट सांगितली.

दुपारनंतर लोकलने दादर. हिंदू कॉलनीत राजगृह बाहेरून आणि आतून पाहिले. ग्रंथांसाठी घर बांधणाऱ्या या माणसाच्या घरात शिरताना थोरलीने आपोआप आवाज खाली केला. मग पश्चिमेला चैत्यभूमी. रांग नव्हती, धक्काबुक्की नव्हती, पाठीमागून ‘चला, चला’ म्हणणारा स्वयंसेवक नव्हता. आईने हवा तेवढा वेळ वंदना केली आणि मग मागच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून बसली. वीस-बावीस वेळा येऊनही तिने तो समुद्र कधी बसून पाहिला नव्हता.

खर्चाचा ताळा

आमच्या पाच माणसांचा दोन रात्रींचा खोलीचा खर्च ३६०० रुपये झाला. जेवणखाण, लाँच, तिकिटे, बस-लोकल धरून रेल्वेभाडे वगळता एकूण दहा हजारांच्या आत बसलो. फोर्टात पोळीभाजी, पुरीभाजी, वडापाव, राइस प्लेट स्वस्तात मिळते. दशम्या आणि चटणी घरून नेली होती, ती पहिल्या दिवशी पुरली. हे पैसे आम्ही वर्षभर भिशीत टाकत होतो. दहा हजार ही रक्कम कामगार माणसाला लहान नाही. पण लग्नात बँडवर आणि मांडवावर कर्ज काढून आपण किती उधळतो, ते एकदा आठवून पाहावे. एका मांडवाच्या खर्चात आपली लेकरे बाबासाहेबांची शाळा, कॉलेज आणि घर पाहून येतील.

निघताना मॅनेजरांनी पावती दिली. आईने ती घडी करून आपल्या बटव्यात ठेवली. “कशाला?” असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “माझ्या नावाची हाय.”

बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही अशी एखादी आई, आजी, आत्या असेल, जिने वर्षानुवर्षे मैदानातल्या चादरीवर मुंबई काढली. एकदा तिला हाताशी धरून न्या. खोली घ्या आणि रजिस्टर पुढे आले की पेन तिच्या हातात द्या. तिला आपले नाव पुरते लिहू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!